कांदेनवमीनंतरचं पथ्य

आषाढ शुद्ध नवमीला अनेक मराठी घरांत कांदाभजी, कांद्याचं थालीपीठ, भरली वांगी असा झणझणीत बेत होतो. हीच कांदेनवमी. दोनच दिवसांनी, आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि तो पाळणाऱ्यांकडे कांदा, लसूण, वांगं वर्ज्य.

खवय्याची खरी कसोटी रश्शात लागते. परतलेल्या कांद्याचा गोडवा आणि दाटपणा आणायचा कुठून? मग गोडा मसाला, दाण्याचं कूट, भाजलेलं खोबरं आणि फोडणीत जरा सैल हाताने हिंग. अळूचं फदफदं तर कांद्यावाचून कधी अडलेलंच नाही!

पथ्य सुटतं कधी? काही घरांत कार्तिकी एकादशीनंतर; काही घरं थेट मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीपर्यंत थांबतात. त्या दिवशी खंडोबाला नैवेद्य असतो वांग्याचं भरीत, रोडगे आणि पातीचा कांदा.