पोर चौथीत गेलं. पण वाचतं का?



आपलं लेकरू शाळेत जातं. दरसाल एक वर्ग वर चढतं. आपण चारचौघांत सांगतो, "पोरगी आता चौथीत गेली बरं." ऐकणाराही म्हणतो, "वा! छान झालं." पुढचा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. चौथीतली ही पोरगी साधी गोष्ट वाचते का? बेचाळीस रुपयांतून सतरा रुपये गेले, तर उरले किती, हे तिला सांगता येते का?

वर्ग चढणे वेगळे आणि शिकणे वेगळे. बंडीत झोपलेला माणूसही दुसऱ्या गावी पोचतो. पण वाटेतले काही त्याने पाहिलेले नसते. शाळेतल्या पुष्कळ मुलांचे असेच होते.

आपल्या देशातल्या खेड्यांत 'असर' नावाची एक पाहणी होते. ती २००५ साली सुरू झाली. पाहणी करणारे घरोघर जातात. मुलाला दुसरीच्या तोलाची एक सोपी गोष्ट वाचायला देतात. २०१८ साली पाचवीतल्या शंभर मुलांपैकी सुमारे पन्नास मुलांना ती वाचता आली. मग करोनाची साथ आली. शाळा बंद पडल्या. २०२२ साली हा आकडा सुमारे ४३ वर आला. २०२४ साली तो पुन्हा ४९ च्या आसपास गेला. म्हणजे काय? मुले पाचवीत, गोष्ट दुसरीची, आणि वाचणारी मुले निम्मीच!

तुम्ही मोठेपणी वाचायला शिकलात. न वाचता येण्याचे दुःख तुम्हांला कोणी सांगायला नको. कागदावर काय लिहिले आहे, ते दुसऱ्याला विचारावे लागते. अंगठा उठवताना मनात धाकधूक होते. मापाच्या वेळी व्यापारी सांगेल तो आकडा खरा मानावा लागतो. पाच वर्षे शाळेत जाऊनही लेकरावर तीच पाळी यावी, हे बरे नाही. आणि ते टाळता येते. कसे, ते पाहू.

असे का होते?

पायऱ्यांची विहीर तुम्ही पाहिली असेल. मधल्या तीन पायऱ्या ढासळल्या, तर खालच्या पायरीवर पाय पोचत नाही. शिकण्याचे तसेच आहे. अक्षरे आणि अंक पहिली-दुसरीत पक्के व्हायला हवेत. ते कच्चे राहिले, की तिसरीचे पुस्तक डोक्यावरून जाते. गुरुजी तिसरीचा धडा शिकवतात, कारण वर्ग तिसरीचा असतो. पोर मात्र पहिलीच्या पायरीवरच उभे असते. चौथीत अंतर आणखी वाढते. मग पोर गप्प बसते. फळ्यावरचे अक्षर पाहून वहीत उतरवते. वही भरलेली दिसते. आपण खूश होतो. पण उतरवून काढणे म्हणजे वाचणे नव्हे!

आपल्याकडे याला आणखी कारणे आहेत. कारंजा (घाडगे) तालुका कापसाचा, तुरीचा आणि संत्र्याचा. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो. वेचायला हात कमी पडतात. आईबाप वावरात जातात आणि मोठी पोरगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते. आठ दिवस शाळा बुडाली, की मधली पायरी गळलीच म्हणा. गणितात तर एक पायरी गळली, की पुढची चढता येत नाही.

दुसरे कारण असे. लहान गावातल्या शाळेत पुष्कळदा दोनच शिक्षक असतात. चार-पाच वर्ग दोघांनी सांभाळायचे. एका वर्गाला शिकवताना दुसरा वर्ग बसून राहतो.

तिसरे कारण भाषेचे. घरी आपण 'वावर' म्हणतो. पुस्तकात 'शेत' असते. घरी 'जाऊन रायलो' म्हणतो. पुस्तकात 'जात आहे' असते. काही घरांत तर गोंडी बोलतात. पहिलीतल्या पोराला पुस्तकाची भाषा नवी असते. ते अडखळते. म्हणून ते ढ ठरत नाही. त्याच्या घरच्या शब्दाला कोणी हसू नये. आधी त्याचा शब्द पाटीवर लिहावा. मग शेजारी पुस्तकातला शब्द लिहावा. पोराला दोन्ही कळतात.

मूल कोणत्या पायरीवर आहे, ते पाहा

हातच्या कांकणाला आरसा कशाला? हे घरच्या घरी दहा मिनिटांत पाहता येते. मुलाला जवळ बसवा. रागावू नका. ही परीक्षा नाही. अंगाला हात लावून ताप पाहतो ना, तसे हे आहे.

वाचनाच्या चार पायऱ्या अशा:

१. सुटी अक्षरे ओळखणे. जसे क, म, स, ब.
२. सोपे शब्द वाचणे. जसे घर, पाणी, बैल.
३. चार लहान वाक्ये वाचणे.
४. आठ-दहा वाक्यांची गोष्ट न अडखळता वाचणे आणि तिच्यात काय घडले, ते आपल्या शब्दांत सांगणे.

गणिताच्या चार पायऱ्या अशा:

१. १ ते ९ हे अंक ओळखणे.
२. ११ ते ९९ हे आकडे वाचणे.
३. दोन अंकी वजाबाकी करणे. जसे ४२ मधून १७ वजा.
४. भागाकार करणे. जसे ९२४ भागिले ७.

मूल जेथे अडते, तो त्याचा खरा वर्ग. हजेरीपटावर काहीही लिहिलेले असो!

तेथूनच पुढे न्या

मुंबईत १९९५ साली 'प्रथम' नावाची संस्था सुरू झाली. गरीब वस्त्यांतल्या मुलांना शिकवणे हे तिचे काम. या संस्थेने वस्तीतल्याच शिकलेल्या मुली निवडल्या. त्यांना 'बालसखी' म्हणत. तिसरी-चौथीत मागे पडलेली पोरे वेगळी बसवायची आणि बालसखीने त्यांना रोज सुमारे दोन तास अक्षर-अंकांपासून शिकवायचे, अशी रीत होती. मुंबई आणि वडोदरा या शहरांत २००१ पासून काही अर्थशास्त्रज्ञांनी हे काम तपासून पाहिले. मुले पुढे गेलेली दिसली. जी सर्वांत मागे होती, त्यांना जास्त फायदा झाला. ही तपासणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. गरिबीवरच्या अशाच अभ्यासांसाठी या दोघांना आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे ही रीत आणखी सोपी झाली. तिसरी, चौथी, पाचवीची पोरे दिवसातून थोडा वेळ एकत्र करायची. मग इयत्ता विसरायची. अक्षरांवर अडलेली एका घोळक्यात, शब्दांवर अडलेली दुसऱ्या घोळक्यात, वाक्ये वाचणारी तिसऱ्या घोळक्यात. प्रत्येक घोळक्याला त्याच्या पायरीचे शिकवायचे. पोर एक पायरी चढले, की त्याला पुढच्या घोळक्यात बसवायचे.

२०१३-१४ साली उत्तर प्रदेशातल्या शाळांत अशी शिबिरे घेतली. सारे मिळून दिवस भरले सुमारे पन्नास. शिबिरे झालेल्या शाळांत उतारा किंवा गोष्ट वाचणारी मुले इतर शाळांच्या जवळजवळ दुप्पट निघाली. पन्नास दिवस म्हणजे किती? कापसाचा एक हंगामही नाही. म्हणजे मागे पडलेले पोर कायमचे मागे पडलेले नसते. त्याला त्याच्या पायरीवरून हात द्यावा लागतो, इतकेच.

दोन शिक्षकी शाळेलाही ही रीत सोयीची आहे. नाहीतरी तेथे दोन-तीन वर्ग एकत्रच बसतात. मग ते पायरीप्रमाणे बसवायला काय हरकत?

गणित हाताला कळावे

हाताने काम करता करता शिकावे, हा विचार आपल्याच वर्धा जिल्ह्यातून देशभर गेला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. मुलांना सात वर्षे मोफत शिक्षण द्यावे, ते मातृभाषेत द्यावे, आणि हाताच्या एखाद्या उद्योगातून द्यावे, असे तेथे ठरले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला. हीच 'नई तालीम'. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् या पतिपत्नींनी तशी शाळा चालवली.

तेथे मुले सूत कातत आणि सूत मोजत. चार फुटांचा एक तार. १६० तारांची एक लटी. चार लट्यांची एक गुंडी, म्हणजे ६४० तार. पोराने तीन लट्या कातल्या, तर तार किती झाले? गुंडी पुरी व्हायला किती कमी पडले? असा गुणाकार आणि अशी वजाबाकी पोर विसरत नाही. कारण सूत त्याच्या हातात असते.

आज घरोघर टकळी नाही. पण तुराट्या आहेत! तुराटीचे बोटाएवढे तुकडे करा. दहा-दहा तुकड्यांच्या जुड्या बांधा. एक जुडी म्हणजे एक दशक. आता ४२ मधून १७ वजा करू. चार जुड्या आणि दोन सुटे तुकडे घ्या. सात सुटे द्यायचे आहेत, पण सुटे दोनच आहेत. मग एक जुडी सोडा. आता जुड्या तीन आणि सुटे बारा. बारांतून सात गेले, पाच उरले. तीन जुड्यांतून एक गेली, दोन उरल्या. उत्तर पंचवीस. दुकानदार दहाची नोट मोडून चिल्लर देतो, तसेच हे झाले. एवढे हाताने केले, की वहीतली वजाबाकी पोराला कोडे वाटत नाही.

मराठी आकड्यांची एक खोच लक्षात ठेवा. आपण 'सत्तावीस' म्हणतो. तोंडाने सात आधी येतो, वीस मागून. पण लिहिताना २ आधी आणि ७ नंतर. म्हणून पुष्कळ मुले सत्तावीस ऐकून ७२ लिहितात. 'एकोणतीस' तर आणखी अवघड. नाव तिसाचे, आणि लिहायचे २९! तुम्ही शिकतानाही येथे अडला असाल. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली 'सत्तावीस' बरोबर 'वीस सात' असेही वाचायची सोय दिली. त्यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणिताच्या अभ्यासक मंगला नारळीकर यांनी या सोयीची बाजू मांडली होती. घरी तुम्ही दोन्ही म्हणून दाखवा. दोन जुड्या आणि सात सुटे ठेवा. आधी म्हणा 'वीस आणि सात'. मग म्हणा 'सत्तावीस'. पोर चुकणार नाही.

घरी काय करावे?

रोज पंधरा मिनिटे काढा. संध्याकाळी चूल पेटली, की पोराला जवळ बसवा आणि मोठ्याने वाचायला लावा. ओळीखाली बोट फिरवू द्या. जोडाक्षर अडले, तर फोडून सांगा. तुम्हीही एक ओळ वाचा. तुम्ही अडखळलात तरी लाजू नका. आई वाचते आहे, बाप वाचतो आहे, हे पाहूनच पोराला बळ येते.

तालुक्याला गेलात, तर बसवरच्या पाट्या त्याला वाचू द्या: नागपूर, अमरावती, आर्वी, वर्धा. बियाण्याच्या पिशवीवरचे अक्षर, किराण्याची चिठ्ठी, सारे वाचनच आहे.

हिशेबही पोराकडून करून घ्या. समजा, कापूस वेचायचा दर किलोला १० रुपये धरला आणि ३८ किलो वेचला. मजुरी किती? संत्री शेकड्याने गेली. साडेतीन शेकडे म्हणजे नग किती? आधी पोराला सांगू द्या. मग तुम्ही पडताळून पाहा.

वेचणीच्या दिवसांत पोराला घरी ठेवू नका. धाकटे असेल तर अंगणवाडीत पाठवा. एखादा दिवस बुडालाच, तर दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारा, "काल काय झालं शाळेत?"

शाळेत काय विचारावे?

शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात शंभरात ७५ माणसे मुलांचे पालक असली पाहिजेत. निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. म्हणजे ही समिती तुमचीच आहे. सभेला जा. भिंतीचा रंग आणि कुंपण यांवर बोला. पण आधी हे विचारा:

आमच्या शाळेत किती पोरांना गोष्ट वाचता येते? किती पोरे अक्षरांवर अडली आहेत? त्यांच्यासाठी रोज एक तास ठेवता येईल का? गावातली बारावी झालेली एखादी पोरगी मदतीला येईल का?

केंद्र सरकारने २०२१ साली 'निपुण भारत' हे काम हाती घेतले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे, हे त्याचे ध्येय. सन २०२६-२७ ही मुदत ठरवली. तेव्हा हे विचारणे म्हणजे गुरुजींशी भांडण नव्हे. त्यांच्यावर दोन-तीन वर्गांचा भार आहे. आपण सोबत आहोत असे त्यांना दिसले, तर त्यांचाही हुरूप वाढेल.

पाया कच्चा ठेवून कोणी माडी चढवत नाही. आपल्या लेकराचा पायाही आपणच पाहिला पाहिजे. आज संध्याकाळी पोराला जवळ बोलवा. हेच पान त्याच्या हातात द्या. म्हणा, "बाळा, वाचून दाखव बरं." जेथे ते अडेल, तेथे खूण करा. उद्यापासून शिकणे त्या खुणेपासून सुरू करा.