कल्हईचं कथील आणि गॅसची राखण

स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. आपल्याला येतो तो उग्र दर्प इथाइल मरकॅप्टनचा. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. १९३७ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत बिनवासाचा गॅस साचून स्फोट झाला. सुमारे तीनशे जण दगावले, त्यांत बहुतेक मुलंच. त्यानंतर तिथे गॅसला वास देणं सक्तीचं झालं.

पण सर्दीने नाक चोंदलं, किंवा रात्री गाढ झोप लागली, तर? अशा वेळी कारखान्यांतल्यासारखा गॅस-डिटेक्टर घरातही उपयोगी पडतो. १९६२ साली जपानच्या नाओयोशी तागुची यांनी यासाठी कथलाचं ऑक्साइड वापरलं. कथील म्हणजे आपल्या पितळी भांड्यांच्या कल्हईतलंच बरं का! तापवलेल्या ऑक्साइडला हवेतला प्राणवायू चिकटतो आणि विजेची वाट अडवतो. गॅस आला की तो प्राणवायू सुटतो, वीज वाहू लागते आणि घंटा वाजते.

डिटेक्टर लावायचा कुठे? सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचणारा. म्हणून जमिनीपासून फूटभर उंचीवर. पाइपाने येणारा गॅस हलका; त्यासाठी छताजवळ. जागा चुकली तर पैसे फुकट!

घंटा वाजली की गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा. विजेच्या बटणाला हात लावू नका. बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा.