रांजणगावचा कारखाना आणि मिशिगनमधील निर्णय

शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत व्हर्लपूल ऑफ इंडियाचा फ्रिजचा कारखाना आहे, आणि गुंतवणूकदारांचा विश्वास कसा डळमळतो हे या कंपनीवरून नेमके समजते. तिचे बहुसंख्य भाग अमेरिकेतील मिशिगन राज्यातील मूळ कंपनीकडे, म्हणजे प्रवर्तकाकडे, होते. फेब्रुवारी 2024 मध्ये कर्ज कमी करण्यासाठी त्या प्रवर्तकाने आपला हिस्सा 75 टक्क्यांवरून 51 टक्क्यांवर आणला, आणि जानेवारी 2025 च्या अखेरीस तो सुमारे 20 टक्क्यांपर्यंत उतरवण्याचा मनोदय जाहीर होताच एका दिवसात भागाची किंमत जवळपास पाचव्या हिश्शाने कोसळली.

त्या दिवशी कारखाना चालूच होता, फ्रिजची मागणीही आटली नव्हती. मात्र भागाची किंमत ही पुढील वर्षांच्या नफ्याविषयीची अपेक्षा असते, आणि ब्रँड, तंत्रज्ञान व भांडवल पुरवणाराच मागे सरकू लागला की ती अपेक्षा खचते; शिवाय मोठ्या प्रमाणावर भाग विक्रीला येणार, ही धास्तीही भावावर दाब आणते. एप्रिल 2023 मध्ये व्यवस्थापकीय संचालक झालेल्या नरसिंहन ईश्वर यांच्या हाती तेव्हा उत्पादन आणि विक्री होती, मालकीचे धोरण नव्हते. नेतृत्वाची चर्चा करताना हा भेद फार कमी वेळा ध्यानात घेतला जातो, आणि त्याची झळ छोट्या भागधारकाला सर्वाधिक बसते. म्हणून अशा कंपनीत बचत गुंतवण्यापूर्वी, दर तिमाहीस जाहीर होणारा भागधारणेचा तक्ता वाचकांनी अवश्य पाहावा.