काठीचा तोल आणि रिळाचे वजन

गळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर ओढ्याकाठी बसलेला माणूस, त्याच्या हातातली साधी काठी आणि गांडूळ येते. अमेरिकेत ट्राउट माशांच्या नद्यांवर मात्र एक निराळाच प्रकार चालतो. तिथे गळावर गांडूळ नसते, तर पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली बनावट माशी असते. तिला वजन जवळजवळ नाहीच. इतकी हलकी वस्तू दहा-पंधरा मीटर लांब फेकायची कशी? कापसाचा बोळा फेकून पाहा, म्हणजे अडचण लक्षात येईल. म्हणून इथे वजन असते ते दोरीला. काठी मागेपुढे झुलवून दोरी हवेत उलगडत न्यायची, आणि तिच्यामागोमाग माशी जाते. या काठीला फ्लाय रॉड म्हणतात.

जुने फ्लाय रॉड बांबूचे असत, पण अख्ख्या बांबूचे नव्हेत. बांबू चिरून त्याच्या त्रिकोणी छेदाच्या सहा पट्ट्या तासायच्या आणि सरसाने चिकटवून षट्कोनी काठी करायची. बांबूची साल बाहेरच्या बाजूला येईल असे पाहायचे. याचे कारण सरळ आहे. काठी वाकते तेव्हा सर्वांत जास्त ताण बाहेरच्या थरावर येतो, आणि बांबूचे चिवट तंतू सालीलगतच सर्वांत दाट असतात. एकोणिसाव्या शतकात यासाठी भारतातला बांबू कलकत्ता बंदरातून जात असे आणि त्याला नावही ‘कलकत्ता’ असेच पडले होते. पुढे चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या ‘टोंकिन’ बांबूने त्याची जागा घेतली. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, तेव्हा तोही मिळेनासा झाला. तोवर फायबरग्लास आले होतेच, आणि १९७०च्या दशकात कार्बन तंतूंच्या काठ्या आल्या.

मी पीएच.डी.नंतर काही काळ अमेरिकेत संशोधन करत होतो. माझ्या घरमालक आजोबांकडे त्यांच्या वडिलांची अशी एक आठ फुटी काठी होती. मूळचे रीळ हरवले होते, म्हणून त्यांनी अॅल्युमिनियमचे, भोके पाडलेले एक नवे हलके रीळ बसवले होते. (भोके ही नवी कल्पना नव्हे. चार्ल्स ऑर्व्हिस यांनी १८७४ मध्ये अशा रिळाचे पेटंट घेतले होते. रेशमी दोरी लवकर वाळावी आणि रीळ हलके व्हावे, हा भोकांचा फायदा.) आजोबांची तक्रार अशी की काठीचे टोक सारखे खाली जाते आणि मनगट दुखते. “तू फिजिक्सवाला ना? मग सांग किती वजनाचे रीळ लावू.”

मला हा प्रश्न आठवीतल्या तरफेच्या गणितासारखा वाटला. काठीचे वजन १२० ग्रॅम. तिचा गुरुत्वमध्य जाड टोकापासून ६५ सेंमी.वर. बुचाची मूठ जिथे संपते तिथे, म्हणजे २५ सेंमी.वर, तोल यायला हवा, असा जुना संकेत आहे. तो आपला टेकू. रीळ मुठीच्या मागे, टोकापासून ५ सेंमी.वर. टेकूच्या पुढे परिबल १२० × ४० = ४८०० ग्रॅम-सेंमी. मागे रिळाला अंतर मिळते फक्त २० सेंमी. म्हणून दोरीसकट रीळ हवे २४० ग्रॅमचे. आजोबांचे भरले १२० ग्रॅम! त्यामुळे गुरुत्वमध्य ३५ सेंमी.वर, मुठीच्या १० सेंमी. पुढे जात होता. जुन्या बाजारातून एक जाडजूड रीळ शोधले, बसवले आणि काठी बोटावर आडवी तोलून दाखवली. मी खूश झालो.

रविवारी आजोबा नदीवरून परतले ते कुरकुरतच. काठी आडवी धरून उभे राहिले की छान वाटते, पण दोरी फेकताना काठी जराही हलकी लागत नाही, उलट संध्याकाळपर्यंत दंड भरून आला, असे त्यांचे म्हणणे. गणितात चूक नव्हती. मी गणितच अर्धे केले होते.

काठी स्थिर धरणे आणि काठी झुलवणे ही दोन वेगळी कामे आहेत. स्थिर धरताना वजन गुणिले अंतर हा हिशोब लागतो, आणि त्यात टेकूच्या अलीकडचे वजन पलीकडच्या वजनाला खोडून काढते. झुलवताना आडवे येते ते जडत्वाचे परिबल. त्यात वस्तुमानाला अंतराच्या वर्गाने गुणावे लागते, आणि वर्ग कधी ऋण नसतो. त्यामुळे इथे खोडाखोड नाही, नुसती बेरीज आहे. काठीचे लहान तुकडे कल्पून मी हिशोब केला. नुसत्या काठीचे, मुठीच्या टोकाभोवतीचे जडत्वाचे परिबल सुमारे ६ लाख ग्रॅम-वर्ग सेंमी. आले. हलक्या रिळाचे १२० × २० × २० = ४८,०००. जड रिळाचे ९६,०००. म्हणजे तोल साधण्याच्या नादात झुलवण्याचे काम मी सुमारे सात टक्क्यांनी वाढवले होते, आणि हाताने पेलायचे एकूण वजन २४० ग्रॅमचे ३६० ग्रॅम झाले होते.

आता शेंड्याकडे पाहा. शेंडा हातापासून २१९ सेंमी.वर. तिथे फक्त एक ग्रॅम वाढवला तर जडत्वाचे परिबल २१९ × २१९, म्हणजे जवळजवळ ४८,००० ने वाढते. शेंड्यावरचा एक ग्रॅम आणि मुठीमागचे १२० ग्रॅमचे अख्खे रीळ, झुलवणाऱ्या हाताला सारखेच! जुन्या काठीची डागडुजी करताना शेंड्याला व्हार्निशचे जाड थर देणारे किंवा दोरीच्या कड्या बदलून जड कड्या बसवणारे लोक तिचे जे नुकसान करतात, ते कुठल्याही रिळाने भरून येत नाही. कार्बनच्या काठीला हलके रीळ चालते तेही यामुळेच. तिचा शेंडाच हलका असतो.

मग तोलाला अर्थच नाही का? आहे, पण तो काठी कशी धरता यावर ठरतो. गुरुत्वाकर्षणाचे परिबल मोजताना आडवे अंतर धरायचे असते. काठी उभी असेल तर ते जवळजवळ शून्य. पाण्यावर तरंगणारी माशी वापरणारा माणूस सारखी फेक करतो. त्याची काठी बराच वेळ उभ्याच्या आसपास असते. त्याने तोलाची फार फिकीर करू नये. माशी पाण्याखाली सोडून काठी आडवी धरून थांबणाऱ्याला मात्र तोल हवा. शिवाय दोरी बाहेर गेली की रीळ हलके होते. पाच नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट १४० ग्रेन, म्हणजे ९ ग्रॅम भरतात. तेवढ्याने तोल सरकतोच. म्हणून अचूक बिंदूचा हट्ट फोल आहे.

शेवटी आजोबांनी त्यांचे हलके रीळ परत बसवले आणि आम्ही मुठीच्या मागे वाळूची छोटी पिशवी बांधून पाहिली. वाळू कमीजास्त करत ते नदीवर दोन तास फेकत राहिले. ६० ग्रॅमवर ते थांबले. तेवढी शिशाची तार रिळात दोरीखाली गुंडाळली. एकूण १८० ग्रॅम, आणि गुरुत्वमध्य २९ सेंमी.वर, मुठीच्या जरासा पुढे.

वर्गात हे करून पाहता येईल. सारख्या जाडीची, दोन मीटर लांब, २०० ग्रॅमची काठी घ्या. एका टोकाला ३०० ग्रॅमचा बटाटा बांधा. त्या टोकापासून ४० सेंमी.वर काठी बोटावर तोलली जाईल. तिथे खूण करा आणि काठी नेहमी तिथेच धरा. आता बटाट्यासह आणि बटाट्याविना ती झुलवा. मग बटाटा काढून दुसऱ्या टोकाला २० ग्रॅम माती लावून झुलवा. डोळे मिटून झुलवणाऱ्याला, ३०० ग्रॅमचा बटाटा होता की २० ग्रॅम माती, हे नुसत्या झुलवण्यावरून सांगणे कठीण जाते. काठी जमिनीला समांतर ठेवून डावीकडे-उजवीकडे झुलवावी. वरखाली झुलवली तर वजन मध्ये येते आणि दोन गोष्टींची गल्लत होते. बाके मात्र आधी मागे सरकवून घ्यावीत.