दवाखान्याची खाट आणि तान्हे बाळ

'बाळ-बाळंतीण सुखरूप' एवढा निरोप आला की घरातली माणसे निर्धास्त होतात. पेढे आणायला कोणीतरी धावते, आत्याबाई नावांची यादी काढून बसतात आणि दवाखान्यात गर्दी करून उभे असलेले नातेवाईक एकेक करून गावाकडची एसटी पकडतात. मागे उरतात बाळंतीण, तिचे काही तासांचे बाळ आणि सोबतीला आई किंवा सासू. नैसर्गिक बाळंतपण असेल तर निदान ४८ तास आणि सिझेरियन असेल तर आठवडाभरही हा मुक्काम चालतो. बाळंतपणाच्या कळांविषयी, टाक्यांविषयी, डिंकाच्या लाडवांविषयी आपल्याकडे भरपूर बोलले जाते. या मुक्कामातल्या रात्रींविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. आज त्याविषयी लिहितो.

पूर्वी बाळंतपण घरीच होई. खोलीच्या कोपऱ्यात बाज, बाजेला मधे खोलगट झोळ, त्यामुळे बाळ आपोआप आईच्या कुशीकडे सरकायचे. बाज ठेंगणी, खाली सारवलेली जमीन. शेजारी आजी अंथरूण टाकून पडलेली, आणि ती रात्रभर अर्धवट जागीच असे. पाचवीची रात्र तर सटवाई येते म्हणून जागूनच काढायची. सटवाईचे मला ठाऊक नाही, पण त्या निमित्ताने एक जागे माणूस बाळाजवळ असे हे खरे. घरच्या बाळंतपणाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू मुळीच नाही. रक्तस्राव आणि धनुर्वाताने किती बायका, किती लेकरे गेली याचा हिशेब नाही. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले, तेव्हा खेड्यातल्या, बऱ्याचदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांनाच आरोग्याचे शिक्षण द्यावे लागले ते याच कारणाने.

आता चित्र पालटले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये १०० पैकी सुमारे ६५ बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा जवळजवळ ९५ वर गेला. बाळंतीण दवाखान्यात आली, पण सवयी बाजेवरच्याच राहिल्या. दवाखान्याची लोखंडी खाट साधारण तीन फूट रुंद, दोन फुटांच्या आसपास उंच, बहुतेक ठिकाणी बाजूला कठडा नाही आणि खाली फरशी. गादीवर रेक्झिन, त्यावर चादर, म्हणजे घसरायला सोयीचे. त्या तीन फुटांत बाळंतीण, बाळ, दुपटी, थर्मास, सलाइनची नळी आणि कधीकधी मोबाईलचा चार्जरसुद्धा!

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका रुग्णालयातून पहाटे मला बोलावणे आले. सिझेरियन होऊन दुसरी रात्र होती. बाळ रात्री दहापासून दर तासाला दूध मागत होते. बाळंतीण उशीला टेकून बसल्या बसल्या पाजत होती, आणि दोन रात्री जागलेली तिची सासू खाली चटईवर गाढ झोपली होती. पाजता पाजता बाळंतिणीचा डोळा लागला, हात सैल पडले आणि बाळ फरशीवर आले. मी पोचलो तेव्हा डोक्याच्या उजव्या बाजूला सूज होती. सुदैवाने बाळ दूध ओढत होते. तीन दिवस नजरेखाली ठेवले आणि ते सुखरूप घरी गेले. मला अस्वस्थ करून गेली ती दुसरीच गोष्ट. बाळ पडले त्याला तेव्हा दीड तास होऊन गेला होता. तेवढा वेळ घरच्यांनी सिस्टरांना काही सांगितलेच नव्हते आणि आधी 'काहीतरी चावलं असेल' असे सांगून पाहिले. बाळंतीण तोंडात पदर धरून रडत होती, कारण 'हिला स्वतःचं पोर सांभाळता येईना' हे तिला ऐकवून झाले होते.

त्या मुलीचा काय दोष? कळा, ऑपरेशन, अंगात रक्त कमी, वेदनेवरच्या औषधांची गुंगी आणि दोन रात्रींची जाग. शिवाय बाळ अंगावर ओढू लागले की आईच्या शरीरात जी संप्रेरके सुटतात त्यांनीच तिला शांत झोप येते. निसर्गाची रचनाच तशी आहे. हे फक्त आपल्याकडे घडते असेही नाही. अमेरिकेतल्या सुसज्ज रुग्णालयांनी नोंदी तपासल्या तेव्हा दर १० हजार जन्मांमागे साधारण दीड ते चार बाळे रुग्णालयातच पडल्याचे आढळले. बहुतेक प्रसंग रात्री उशिरा किंवा पहाटेचे, आणि बाळाला कुशीत धरून आई-वडिलांपैकी कोणाचा तरी डोळा लागल्यामुळे झालेले. तिथे नोंद होते म्हणून आकडा कळतो. आपल्याकडे असा प्रसंग सहसा चटईखालीच जातो.

मग बाळ रात्री आईपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवावे का? काही मोठ्या खासगी दवाखान्यांत ही पद्धत होती आणि काही वाचकांना ती आधुनिक वाटते. माझे मत साफ विरुद्ध आहे. बाळ आईजवळच हवे. तिच्या अंगाच्या उबेने ते गरम राहते, मागेल तेव्हा दूध मिळते आणि दूधही लवकर उतरते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९१ मध्ये 'बालस्नेही रुग्णालय' मोहीम सुरू केली, तेव्हा आई आणि बाळ अहोरात्र एकत्र ठेवणे ही त्यातली एक प्रमुख अट होती. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या रुग्णालयात हेलन बॉल या संशोधक बाईंनी रात्री कॅमेरे लावून बाळांचे निरीक्षण केले. २००६ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आईच्या खाटेवर असलेली आणि खाटेलाच जोडलेल्या, तीन बाजूंनी कठडा असलेल्या पाळण्यातली बाळे सुट्या पाळण्यातल्या बाळांपेक्षा जास्त वेळा दूध प्यायली. आणि खाटेवरच्या बाळांपेक्षा जोडपाळण्यातली बाळे कमी धोक्यात होती. म्हणजे बाळ हाताच्या अंतरावर हवे, पण त्याची जागा वेगळी हवी.

आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांत असा पाळणा मिळेलच असे नाही. साधा पाळणा असेल तर तो मागून घ्यावा आणि खाटेला अगदी लागून ठेवावा. त्यात दुपटी आणि फळांची पिशवी ठेवून बाळ खाटेवर, असे मी कितीदा पाहिले आहे! पाळणा नसेल तर सोबतीच्या बाईवर सारी भिस्त आहे, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातली सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे. रात्रपाळीला एकाच सिस्टरकडे अख्खा कक्ष असतो, ती प्रत्येक खाटेवर नजर ठेवू शकत नाही. म्हणून सोबतीला येणारी बाई दिवसा झोप काढलेली असावी. एकच बाई तीन-तीन रात्री बसवू नये. आई, सासू, जाऊ, नणंद यांनी रात्री वाटून घ्याव्यात. रात्री पाजायच्या वेळी तिने उठून बसावे, बाळंतिणीशी बोलत राहावे आणि पाजून झाले की बाळ स्वतः उचलून पाळण्यात ठेवावे. पाजताना झोप येऊ लागली तर बाळंतिणीने लाज न बाळगता सोबतिणीला हाक मारावी. सिझेरियननंतर पाय बधिर असेपर्यंत तर बाळाला एकट्या आईच्या हाती देऊन कोणी बाजूला जाऊ नये.

ज्यांना सोबतच नाही त्यांचे काय? कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्यांतल्या बायका मुलखाबाहेरच्या दवाखान्यात बाळंत होतात. नवरा रात्री बायकांच्या कक्षात थांबू शकत नाही आणि सोबतीला असते पाच वर्षांची थोरली लेक. अशा बाळंतिणीची खाट सिस्टरांच्या टेबलाजवळ घ्यावी अशी माझी कक्षप्रमुखांना विनंती आहे. आणि शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या मावशींनो, एक नजर तिच्याही बाळाकडे असू द्या.

पडण्याइतकाच दुसरा धोका श्वास कोंडण्याचा, आणि तो गाजावाजा न करता येतो. नगर-पारनेरच्या पठारावर मार्गशीर्ष-पौषात थंडी कडाक्याची. मग बाळाला डोक्यावरून गोधडी ओढली जाते, कुशीला मोठी उशी आणि डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी. यातले काहीही बाळाच्या तोंडाजवळ नको. टोपी, मोजे आणि मोठ्या माणसापेक्षा एखादाच जास्त कपडा पुरतो; दुपटे छातीपर्यंतच. बाळाला पाठीवर, सपाट झोपवावे. पाठीवर झोपले तर दूध नाकात जाईल ही भीती निराधार आहे. रबरी पिशवी किंवा गरम पाण्याची बाटली बाळाला लावू नये, त्याने पोळलेली कातडी मी पाहिली आहे. ऊब हवी तर आईच्या उघड्या छातीशी बाळ धरणे उत्तम. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ मध्ये डॉ. एदगार रे यांनी कमी वजनाच्या बाळांसाठी ही पद्धत सुरू केली आणि आता ती आपल्या सरकारी रुग्णालयांतही वापरली जाते. मात्र त्या वेळी आई जागी असावी, बाळाचे तोंड एका बाजूला वळलेले, नाक मोकळे आणि मान सरळ असावी, आणि दुसऱ्या कोणीतरी बाळाच्या ओठांचा रंग पाहत राहावे. जन्मानंतरचे पहिले दोन तास तर विशेष लक्ष हवे. खाटेच्या गजांना जुने लुगडे बांधून केलेली झोळीही नको. तिच्यात हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो, शिवाय गाठ सुटली तर बाळ थेट फरशीवर.

इतके करूनही बाळ पडलेच, तर त्याच क्षणी सिस्टरांना सांगा. आधी खाऊ-पिऊ घालणे, हळद लावणे, डोके चोळणे काही नको. नवजात बाळाच्या कवटीला तडा गेला तरी सुरुवातीला ते अगदी नेहमीसारखे दिसू शकते. दूध न ओढणे, सारखे झोपाळणे, उलट्या, झटके, टाळू फुगणे, रडण्याचा सूर बदलणे ही लक्षणे काही तासांनीही येतात, म्हणून निदान एक दिवस तरी त्याला डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावे लागते. कोणामुळे पडले हे विचारत बसू नये. बोल लावला जातो तिथे पुढच्या खेपेला लपवले जाते.

दोन गोष्टी थोडक्यात. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातून आणि मे महिन्यात मिरजेच्या शासकीय रुग्णालयातून तान्ही बाळे पळवली गेली. दोन्ही पोलिसांनी शोधून आणली, पण त्या आयांनी काढलेल्या तासांची कल्पना करवत नाही. लस द्यायची, वजन करायचे म्हणून कोणी बाळ मागितले तर घरच्या माणसाने बरोबर जावे आणि हातापायातली ओळखपट्टी घरी जाईपर्यंत काढू नये. घरी जायच्या दिवशी सामान आवरण्याच्या गडबडीत तर बाळ नव्या ओळखीच्या बाईकडे मुळीच देऊ नये. दुसरे आगीचे. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळे दगावली, आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयातली आग आपण पाहिली. तारा आणि यंत्रे सांभाळणे हे रुग्णालयाचे काम. पण खाटेवर चार्जर लावून फोन बाळाच्या उशाशी ठेवणे तरी आपण थांबवू शकतो.

जाता जाता दानशूरांना एक सुचवावेसे वाटते. आपल्या प्रत्येक दवाखान्यात कोणाच्या ना कोणाच्या स्मरणार्थ दिलेली बाकडी, पंखे आणि पाण्याच्या टाक्या आहेत, त्यांवर दात्याचे नाव ठळक रंगवलेले असते. खाटेला अडकवायचा तीन कठड्यांचा लोखंडी पाळणा एमआयडीसीतला कोणताही कुशल वेल्डर बनवून देईल. डॉक्टर आणि सिस्टरांना विचारून, खाटेची उंची मोजून, आणि पाळणा व गादी यांमध्ये फट राहणार नाही असा तो करून घ्यावा. त्यावर नाव अवश्य रंगवावे, फक्त रंग पूर्ण वाळल्यावरच बाळ ठेवावे.