जुळ्यांतले आजारी मूल

जुळ्या मुलांना गर्भाशय एक, घर एक, आईवडील तेच. त्यामुळे पहिल्या तीन वर्षांत एकाला मोठे आजारपण आले आणि दुसऱ्याला आले नाही, तर पुढे पडलेल्या फरकात आजाराचा वाटा किती, हे इतर भावंडांपेक्षा जुळ्यांत स्पष्ट दिसते.

फरकाची सुरुवात पुष्कळदा पोटातच होते. दोघांची वार एकच असली, तरी रक्तपुरवठ्याची वाटणी सारखी होतेच असे नाही. शिवाय जुळी अनेकदा ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. एक २ किलो ४०० ग्रॅमचे आणि दुसरे १ किलो ८०० ग्रॅमचे, असे घडू शकते. धाकटे अंगावर घेतले की चार घोट ओढते, दमते आणि झोपी जाते. मग आई दूध काढून वाटी-चमच्याने पाजते. तोवर थोरले भुकेने रडू लागते, त्याला आजी मांडीवर थोपटत बसते. जुळ्यांच्या घरात पैशाच्या आधी असा वेळ वाटला जातो.

अशक्त बाळाला जुलाब किंवा न्यूमोनिया लवकर गाठतो. आजारपणात भूक मरते, खाल्लेले अंगी लागत नाही आणि मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होण्याचा काळ नेमका त्यातच जातो. वसई तालुक्यातील गाससारख्या गावात एकाच कुटुंबात कोणी वाडीत राबते, कोणी नालासोपाऱ्याहून लोकलने कामाला जाते. तिथे दवाखान्याची प्रत्येक फेरी म्हणजे कोणाचा तरी खाडा असतो.

आईवडील अशा वेळी कोणाकडे झुकतात? चीनमधील कुनमिंग शहरात २००२-०३ च्या सुमारास जुळ्यांच्या कुटुंबांची पाहणी झाली. मुलांचे सरासरी वय ११ होते. तीन वर्षांच्या आत आजारपण भोगलेल्या मुलावर, त्याच्या निरोगी जुळ्या भावंडापेक्षा, वर्षभरात आरोग्यासाठी ३०५ युआन जास्त खर्च झाले होते. शिक्षणावर मात्र १८२ युआन कमी. एकूण हिशेबात घर आजारी मुलाकडेच झुकलेले होते, आणि ही आकड्यांइतकीच मोलाची गोष्ट आहे. पण शिक्षणातली कपात ध्यानात येत नाही. औषधाची चिठ्ठी समोर असते. न लावलेल्या शिकवणीची चिठ्ठी कुठेच नसते. ‘त्याला झेपणार नाही’ हे वाक्य मायेपोटीच उच्चारले जाते, आणि तेच त्या मुलाला मागे ठेवू शकते.

म्हणून आजार मुळातच लहान ठेवणे महत्त्वाचे. महाराष्ट्रात याचा धडा गडचिरोलीने घालून दिला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना बाळ ऊबदार कसे ठेवावे, दूध कसे पाजावे, जंतुसंसर्ग कसा ओळखावा आणि त्यावर उपचार कसा करावा, हे शिकवले. त्या गावांतील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून १९९७-९८ पर्यंत सुमारे २६ वर आला. २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आशाताईंकडे सोपवला गेला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या आहेत: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी.

जुळ्यांच्या बाबतीत दोघांचे वजन वेगवेगळे नोंदवणे हे या भेटींतले खरे काम. ‘दोघेही बरे आहेत’ एवढ्यावर धाकट्याची थांबलेली वाढ झाकली जाते. फार लवकर किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर महिन्याभरात तपासून घ्यावा लागतो. उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. पुढे ऐकणे, चालणे, बोलणे यांची तपासणी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत करते. तिथे बोलण्यातला विलंब वेळेवर सापडला, तर उपचार शाळेचे वय होण्याआधीच सुरू करता येतात.