आधी समेट, मग दान

होळीच्या आगेमागे ख्रिस्ती घरांमधून उपवासकाळ सुरू झालेला असतो. माझ्या माहेरी त्याला मराठीत 'प्रायश्चित्तकाळ' म्हणत. सासर कानडी, तिथे तो 'तपस्सुकाल' आहे. कॉलेजात विद्यार्थी विचारतात, "मॅडम, तुमच्यातही उपवास असतो? मग साबुदाणा चालतो का?" साबुदाण्याला आमची हरकत नसते, असे मी हसून सांगते.

भस्म बुधवारी चर्चमध्ये कपाळाला राख लावतात. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून ती केलेली असते. त्या दिवसापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस भरतात. रविवार आनंदाचा, म्हणून सहा रविवार वगळले की 40 उरतात. येशूने अरण्यात 40 दिवस उपवास केला, त्याची ही आठवण. कॅथलिकांमध्ये 18 ते 59 वयाच्या माणसांनी भस्म बुधवारी आणि शुभ शुक्रवारी दिवसातून एकदाच पोटभर जेवायचे आणि या काळातल्या सर्व शुक्रवारी मांस वर्ज्य करायचे, असा नियम आहे.

प्रार्थना, उपवास आणि दान ही या काळाची तीन कामे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने तिन्हींना एकच अट घातली आहे : ती लोकांना दाखवण्यासाठी करू नयेत. पण त्याआधीच्या पाचव्या अध्यायात याहून अवघड सांगणे आहे. अर्पण घेऊन वेदीपाशी गेलात आणि तिथे आठवले, की भावाच्या मनात आपल्याविषयी काही राहिले आहे, तर अर्पण तिथेच ठेवा. आधी जाऊन समेट करा, मग येऊन अर्पण करा. चूक कोणाची, हे तिथे विचारलेले नाही. ज्याला आठवले, त्याने उठायचे.

खानापूर तालुक्यात आमच्या नात्यातले दोन भाऊ शेताच्या बांधावरून अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. थोरले चर्चला सढळ हाताने देत. एका उपवासकाळात प्रवचनाला हाच उतारा आला. त्या संध्याकाळी ते धाकट्याच्या दारात जाऊन उभे राहिले. धाकटा बाहेर आला नाही. त्याची बायको बैलहोंगलकडची. तिने "बर्री, कूड्री" म्हटले आणि चहा टाकला. पहिल्या दिवशी एवढेच झाले. पुढच्या रविवारी थोरले पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला भाऊ समोर येऊन बसला. नंतर दोघांनी मिळून मोजणी करून घेतली. तीत थोरल्यांची दोन गुंठे जमीन गेली, ती त्यांनी मुकाट्याने सोडली. गोड बोलून विषय टाळला म्हणजे समेट झाला असे नाही, हे मला त्या मोजणीने शिकवले.

मी इतिहास शिकवते, म्हणून एक जुनी घटनाही सांगते. इ.स. 387 मध्ये, उपवासकाळाच्या तोंडावर, अंत्युखिया शहरात (आजच्या तुर्कस्तानातील अंताक्या) नव्या करावरून दंगल उसळली. लोकांनी सम्राट थिओडोसियसचे आणि त्याच्या कुटुंबीयांचे पुतळे पाडले. मग सगळ्या शहराने शिक्षेची धास्ती घेतली. वृद्ध बिशप फ्लेवियन सम्राटाची क्षमा मागायला कॉन्स्टॅन्टिनोपलला निघाले. मागे राहिलेल्यांना जॉन क्रिसोस्टम या धर्मगुरूने उपवासकाळभर प्रवचने दिली. मांस सोडले आणि भावाची निंदा चालूच ठेवली, तर तो उपवास कसला, हा त्यांतला एक मुद्दा होता. सम्राटाने शहराला माफी दिली आणि ईस्टरपर्यंत बिशप परतले.

उपवासात वाचलेले गरजूला द्यावे, ही चर्चची जुनी शिकवण. पाचव्या शतकातले पोप लिओ यांनी उपवासकाळाच्या प्रवचनांत दानाबरोबरच क्षमेचाही आग्रह धरला. आजही कारितास इंडिया ही 1962 मध्ये स्थापन झालेली संस्था याच काळात भूक आणि रोगराईविरुद्ध मोहीम चालवते. आमच्या घरी शुक्रवारी न आणलेल्या मटणाचे पैसे मुले एका डब्यात टाकतात. मुलांना त्यातून देण्याची सवय लागते. पण पैसे टाकताना कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही, म्हणून ते काम सोपे.

वाचकहो, आपल्या भागाला हे परके नाही. संक्रांतीला आपण तिळगूळ देतो, एळ्ळु-बेल्ल देतो. दसऱ्याला बन्नीची पाने हातात ठेवून सोन्यासारखे राहू म्हणतो. पर्युषणानंतर जैन शेजारी एकमेकांची क्षमा मागतात. मात्र ज्यांच्याशी पटते त्यांनाच आपण बहुधा सोने देतो. जिथे अबोला आहे, ते घर वगळून पुढे जातो.

दोन भाषांच्या घरांना तर एक सोयही आहे. मराठीत जे तोंडातून निघत नाही, ते कधी कधी कानडीत 'तप्पायतु' एवढ्या एका शब्दात निघते. शुभ शुक्रवारच्या आत अशा एका तरी घरी जाऊन यावे. पहिल्याच दिवशी चहा मिळेल असे नाही. नाही मिळाला, तर पुढच्या रविवारी पुन्हा जावे.